पथ्याच्या कागदावरचं मांजर

किडनी बदललेल्या किंवा केमो चालू असलेल्या माणसाला घरी सोडताना पथ्याचा एक कागद हातात मिळतो. कच्ची कोशिंबीर नको, बाहेरचं पाणी नको, गर्दी टाळा, मास्क लावा. याच यादीत बहुधा तळाशी एक ओळ असते: पाळीव प्राणी ठेवू नका. कोणता प्राणी, किती महिने, कशासाठी, याचा खुलासा नसतो. मग आठ-दहा वर्षं घरात वाढलेलं मांजर एखाद्या मावशीकडे रवाना होतं, कुत्र्यासाठी शेल्टरची शोधाशोध सुरू होते. त्याच घरात सकाळी गवळी घालून जातो ते दूध नीट उकळतं का, खिडकीतल्या एसीमागे कबुतरांनी घरटं केलंय का, गेल्या महिन्यात गल्लीतल्या कुत्र्याने ओरखडलं तेव्हा नेमकी कोणती इंजेक्शनं घेतली, हे मात्र कोणी विचारत नाही.

प्राण्यांपासून माणसाला होणाऱ्या रोगांवर गेल्या चाळीस वर्षांत भरपूर अभ्यास झाला. त्याला मोठी गती दिली एड्सच्या साथीने. हा अभ्यास वाचत गेलं की एक गोष्ट ठसते: प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला धोका आहे, काही बाबतीत जिवावरचा आहे, पण पथ्याच्या त्या ओळीने तो भलतीकडेच दाखवला आहे.

मुळात हे रुग्ण एका जातीचे नाहीत. एचआयव्हीत ‘टी’ पेशी घटतात. केमोनंतर काही दिवस न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तळाला जातात. ‘काउंट पडले’ म्हणतात ते हेच. अवयव बदललेल्या माणसाच्या टी पेशी औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेल्या असतात. संधिवातासाठी किंवा आतड्याच्या आजारासाठी नवी जैविक औषधं घेणाऱ्यांत एखादाच दुवा तोडलेला असतो. लिव्हर सिरॉसिसचा रुग्ण वेगळा, मधुमेही वेगळा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. साखर आटोक्यात असेल तर त्यातल्या बहुतेकांना या लेखातल्या पुष्कळशा गोष्टींची चिंता करायचं कारण नाही. उलट, दमा किंवा सांधेदुखीवर महिनोन् महिने स्टेरॉइडच्या गोळ्या खाणारा माणूस स्वतःला या गटात धरतच नाही. रोज २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन दोन आठवडे घेतलं तरी वैद्यकशास्त्र त्याला प्रतिकारशक्ती दबलेला रुग्ण मानतं, आणि आपल्याकडे या गोळ्या ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळतात.

आणखी एक गट तर कुठल्याच यादीत नसतो. मोटारसायकलच्या अपघातात प्लीहा, म्हणजे पाणथरी फुटली आणि काढून टाकावी लागली, असे लोक गावोगाव आहेत. पोटावर टाक्यांची खूण असते, बाकी माणूस धडधाकट. रक्तातले काही विशिष्ट जंतू गाळण्याची सोय त्याच्या शरीरात उरलेली नाही, हे त्याला बहुधा कोणी नीट समजावलेलं नसतं. थॅलेसेमियासाठी प्लीहा काढलेली मुलं याच गटातली. विदर्भ-खानदेशातल्या सिकलसेलच्या रुग्णांची प्लीहा जागेवर असली तरी कामाला कमी पडते, त्यामुळे तेही याच रांगेत.

म्हणून कोणता प्राणी वाईट, असं विचारून हाती फार लागत नाही. शरीराची कोणती फळी पडली आहे ते आधी पाहावं लागतं, कारण प्रत्येक फटीतून शिरणारे जंतू वेगळे असतात.

मांजरापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त बदनामी त्याच्या वाट्याला आली आहे.

टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी १९०८ साली ट्युनिसमध्ये गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात सापडला. त्याचं पूर्ण जीवनचक्र मांजराच्या आतड्यात घडतं हे कळायला पुढे साठेक वर्षं गेली. मांजर उंदीर किंवा कच्चं मांस खातं, त्याला पहिल्यांदा लागण होते, आणि एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून या परजीवीची लाखो बीजं बाहेर पडतात. बहुतेक मांजरांच्या आयुष्यात हे एकदाच घडतं. शिवाय ताज्या विष्ठेतली बीजं लगेच रोग देऊ शकत नाहीत. पक्व व्हायला त्यांना एक ते पाच दिवस लागतात. लिटरचा ट्रे रोजच्या रोज साफ करा, या सल्ल्यामागचं शास्त्र एवढंच आहे. मांजराला कुरवाळल्याने हा रोग जवळजवळ होत नाही.

एड्सच्या रुग्णांत टोक्सोप्लाझ्मामुळे मेंदूत गाठी होतात, फिट येतात, एक बाजू लुळी पडते. टी पेशींतल्या सीडी-४ पेशी शंभराच्या खाली गेल्या की हा धोका खरा होतो. पण यातल्या बहुतेकांना लागण त्या वेळी झालेली नसते. कधीतरी लहानपणी, तरुणपणी परजीवी शरीरात शिरलेला असतो. स्नायूंत आणि मेंदूत तो निपचित पडून राहतो, पहारा सुटला की उठतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत सुमारे एक चतुर्थांश भारतीयांच्या रक्तात या परजीवीविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली. त्या सगळ्यांनी मांजर पाळलं होतं थोडंच! अर्धवट शिजलेलं मांस, न धुतलेला भाजीपाला आणि मातीचे हात, हे रस्ते त्याला पुरतात. युरोपातल्या अनेक शहरांत गर्भवतींवर केलेला अभ्यास २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यात मोठा वाटा कच्च्या-अर्धकच्च्या मांसाचा निघाला. मांजराच्या सहवासाचा संबंध दिसला नाही. त्याआधी १९९३ साली अमेरिकेत एचआयव्हीबाधित प्रौढांवरच हा प्रश्न तपासून झाला होता आणि उत्तर तेच होतं. पुढे अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलं गेलं की अशा रुग्णांना मांजर सोडून द्यायला सांगायची किंवा मांजराची तपासणी करून घ्यायची गरज नाही.

मांजराची रक्ततपासणी तर अनेकदा उलटी वाचली जाते. ज्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं आहेत, त्याची लागण होऊन गेलेली असते आणि ते पुन्हा बीजं टाकण्याची शक्यता कमी असते. तपासणी ‘निगेटिव्ह’ आलेलं, बाहेर हिंडून उंदीर मारणारं तरुण मांजर त्या मानाने जास्त जोखमीचं. तपासायचंच असेल तर रुग्णाचं रक्त तपासावं. जुनी लागण आहे हे कळलं तर को-ट्रायमॉक्साझोलसारखी स्वस्त गोळी पुढचा अनर्थ टाळते. हृदय बदलताना हा मुद्दा फार नाजूक होतो: दात्याच्या हृदयाच्या स्नायूत परजीवी दडलेला असला आणि घेणाऱ्याला तो कधीच झालेला नसला, तर धोका मांजराकडून न येता नव्या हृदयासोबत येतो.

म्हणून मांजर सर्वस्वी निर्दोष ठरतं असं मात्र नाही. बार्टोनेला हेन्सेली हा जिवाणू मांजराच्या पिल्लांत राहतो, पिसवांमार्फत एका मांजरातून दुसऱ्यात जातो, आणि पिसवांच्या घाणीने माखलेल्या नखांच्या ओरखड्यातून माणसात येतो. निरोगी मुलाला काखेत गाठ येते, ताप येतो, आपोआप ओसरतो. सीडी-४ खूप खाली गेलेल्या माणसाला याच जंतूमुळे त्वचेवर लालभडक रक्तवाहिन्यांचे गोळे उठतात, यकृतात पोकळ्या होतात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात या रुग्णांचा मांजर आणि पिसवांशी संबंध स्वच्छ दिसला. इथे उपाय सरळ आहेत: वर्षाच्या आतलं पिल्लू नव्याने आणू नका, पिसवा मारा, नखं कापा, ओरखडा लगेच साबणाने धुवा. घरातलं म्हातारं, आळशी, पिसवा नसलेलं मांजर या हिशेबात फारसं बसत नाही.

कबुतराची गोष्ट मुंबईकरांना वेगळी सांगायला नको. २०२५च्या जुलैमध्ये राज्य सरकारने महापालिकेला शहरातले ५१ कबुतरखाने बंद करायला सांगितलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, आंदोलनं झाली. एका बाजूला श्रद्धा आणि भूतदया, दुसऱ्या बाजूला ‘फुप्फुसाचे आजार’ अशी ती लढाई होती. तिच्यात दोन अगदी निराळे आजार एकाच पोत्यात भरले गेले.

त्यातला पहिला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. हा संसर्ग नव्हे. कबुतराची पिसं आणि विष्ठा यांतली प्रथिनं श्वासातून जात राहिली की काही लोकांची प्रतिकारयंत्रणा अतिरेकी चवताळते आणि फुप्फुस हळूहळू कडक होत जातं. म्हणजे इथे प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, नको तेवढी धावते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदवहीत फुप्फुसाच्या अशा चिवट आजारांच्या १०८४ रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना हा आजार होता. गंमत अशी, की त्यांच्या घरच्या कारणांत पक्ष्यांपेक्षा डेझर्ट कूलरचा वाटा मोठा निघाला. कूलरविरुद्ध मोर्चा निघाल्याचं ऐकिवात नाही!

दुसरा आजार क्रिप्टोकॉकस या बुरशीचा, आणि तो आपल्या विषयातला आहे. १९५५ साली अमेरिकेत चेस्टर एमन्स यांना ही बुरशी कबुतरांच्या जुन्या विष्ठेत भरपूर सापडली. विष्ठेतली नायट्रोजनयुक्त द्रव्यं तिला मानवतात. कबुतर स्वतः सहसा आजारी पडत नाही. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात जाते. टी पेशी दबलेल्या माणसात बुरशी फुप्फुसातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचते: आठवडे चाललेली डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणं. जगात एड्समुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे १९ टक्के या एका मेंदूज्वराने होतात, असा २०२२ सालचा अंदाज आहे.

पण यातले किती कबुतरांच्या खात्यावर मांडायचे? ही बुरशी झाडांच्या ढोल्यांत, कुजक्या लाकडातही असते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या लहान मुलांच्या रक्तात, दोन वर्षांच्या पुढच्या बहुतेकांत, तिच्याशी गाठ पडल्याच्या खुणा सापडल्या. म्हणजे टोक्सोप्लाझ्मासारखंच: पुष्कळांना ती बालपणीच भेटून गेलेली असते आणि नंतर उठते. थेट पक्ष्याकडून आल्याचे भक्कम पुरावे मोजकेच आहेत. २००० साली नोंदलेल्या एका प्रकरणात किडनी बदललेल्या वृद्धेच्या मेंदूज्वरातली बुरशी आणि तिच्या पाळीव काकाकुव्याच्या विष्ठेतली बुरशी जनुकीय चाचणीत जुळली. ग्लासगोच्या नव्या मोठ्या रुग्णालयात ही बुरशी झालेले दोन रुग्ण दगावल्याचं २०१९च्या जानेवारीत जाहीर झालं, तेव्हा कबुतरांच्या विष्ठेकडे बोट दाखवलं गेलं. नेमका मार्ग कोणता, यावर तज्ज्ञांचं पुढे एकमत झालं नाही.

माझं मत विचाराल तर, रस्त्यावरून जाताना कबुतर दिसलं म्हणून प्रत्यारोपणाच्या रुग्णाने धास्तावायचं कारण नाही. पण स्वतःच्या खिडकीच्या कट्ट्यावर साचलेला वाळका थर त्याने हाताने खरवडणं, हा मूर्खपणा आहे. तो थर दुसऱ्याने, आधी पाण्याने भिजवून, तोंडाला चांगला मास्क बांधून काढावा आणि जाळी लावावी. आणि सीडी-४ शंभराखाली असलेल्या प्रत्येकाची क्रिप्टोकॉकसची साधी रक्तचाचणी व्हावी. कबुतरखाना उघडा की बंद, यापेक्षा त्या चाचणीने जास्त जीव वाचतात.

कुत्र्याची बाब वेगळी आहे. इथे मी अजिबात सैल बोलणार नाही.

आयसीएमआरच्या, २०२५ साली लॅन्सेटच्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार भारतात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात, त्यातले तीन चतुर्थांश कुत्र्यांचे चावे. रेबीज झाल्यावर औषध नाही, सगळी भिस्त आधी घेतलेल्या लसीवर. आणि लस म्हणजे तरी काय, शरीराला प्रतिद्रव्यं बनवायला लावणं. ज्याचं शरीर ती नीट बनवूच शकत नाही, त्याला लस कमी लागू पडते. म्हणून चाव्याच्या नियमांत अशा रुग्णांसाठी अपवाद आहे, आणि तो लोकांना सोडा, कित्येक दवाखान्यांनाही ठाऊक नसतो. एरवी रक्त न आलेला ओरखडा किंवा किरकोळ कुरतडणं ही दुसरी श्रेणी. तिला फक्त लस पुरते. कातडी फाटून रक्त आलं तर तिसरी श्रेणी. तिला लसीसोबत जखमेत सीरम, म्हणजे तयार प्रतिद्रव्यं. प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाला दुसऱ्या श्रेणीतही सीरम द्यायचं असतं आणि लसीचा पूर्ण कोर्स करायचा असतो. शक्य असेल तिथे नंतर रक्तातली प्रतिद्रव्यंही मोजायची असतात. नियमित औषधांवर असलेला, सीडी-४ चांगला राखलेला एचआयव्हीबाधित माणूस मात्र या बाबतीत निरोग्यासारखाच धरला जातो. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हा नियम सगळ्यांना सारखा. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही.

आता पाणथरी नसलेल्या माणसाकडे येऊ. कॅप्नोसायटोफागा कॅनिमॉर्सस हा लांबलचक नावाचा जिवाणू धडधाकट कुत्र्यांच्या तोंडात सहज असतो. कुत्र्याला त्याचा त्रास नाही, बहुतेक माणसांनाही नाही. प्लीहा नसलेल्या किंवा दारूने यकृत खराब झालेल्या माणसात मात्र साध्या चाव्यानंतर एक-दोन दिवसांत रक्तात विष भिनतं, बोटं काळी पडतात, रुग्ण हातचा जातो. चाव्याची खूण तोवर जवळजवळ बुजलेली असते, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. पेनिसिलिनच्या जातीची औषधं त्याच्यावर चालतात. वेळेत दिली पाहिजेत एवढंच. म्हणून अशा माणसाने कुत्रा चावल्यावर जखम किती लहान आहे ते बघत बसू नये, त्याच दिवशी अँटिबायोटिकसाठी डॉक्टर गाठावा. लाडक्या कुत्र्याला उघडी जखम चाटू देणं हाही त्याच्या बाबतीत चावाच समजावा. कुत्रा पाळू नये का? पाळावा. पण स्वतःच्या पोटावरच्या त्या खुणेचा अर्थ माहीत असावा.

शहरी रुग्णाच्या कागदावर मांजर-कुत्रा असतो. गावाकडच्या रुग्णाच्या आयुष्यात गोठा असतो, आणि त्याबद्दल कागद गप्प आहे. धारोष्ण दुधाची थोरवी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. त्या दुधातून ब्रुसेला, लिस्टेरिया, गुरांचा क्षय, साल्मोनेला, सगळं येऊ शकतं. ब्रुसेला धडधाकट गवळ्यालाही सोडत नाही. लिस्टेरिया मात्र नेमका गर्भवती, म्हातारी माणसं, प्रत्यारोपण आणि कॅन्सरचे रुग्ण हेरतो आणि मेंदूपर्यंत जातो. दुधाला उकळी आली की प्रश्न मिटतो. आजारातून उठलेल्या माणसाला ताकद यावी म्हणून कच्चं दूध पाजणाऱ्या आजीला हे प्रेमाने पण ठामपणे सांगायला हवं. खरवस वाफवलेला असतो, त्याला हरकत नाही. गाय-म्हैस गाभडली तर तिचा जार उचलायचं काम घरातल्या केमोवाल्या किंवा किडनीवाल्या माणसाने करू नये. ब्रुसेला आणि क्यू-फीव्हरचे जंतू त्यात खच्चून भरलेले असू शकतात. हगवण लागलेल्या वासराला बाटलीने पाजणंही दुसऱ्यावर सोपवावं.

गोमूत्राबद्दल लिहिलं की काहींना राग येतो, पण कॅन्सरच्या रुग्णांना ते सर्रास दिलं जातं, तेव्हा टाळता येणार नाही. लेप्टोस्पायरा हा जंतू गुरांच्या मूत्रातूनच बाहेर पडतो. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेतल्या तपासणीत ताज्या गोमूत्रात माणसाला घातक असे किमान चौदा प्रकारचे जिवाणू सापडल्याचं २०२३ साली बातम्यांत आलं होतं. काउंट पडलेल्या माणसाच्या पोटात ते घालण्याचं समर्थन मला तरी करता येत नाही. शेणाविषयी एवढंच, की २०२१च्या म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराच्या लाटेनंतर काही संशोधकांनी शेणाच्या आणि शेणींच्या धुरातून त्या बुरशीचे बीजाणू पसरले असावेत असा तर्क मांडला. तो सिद्ध झालेला नाही. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा सढळ हात ही कारणं मात्र भक्कम आहेत.

वासरांवरून मिलवॉकीची आठवण होते. १९९३ साली अमेरिकेतल्या या शहराच्या नळाच्या पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी शिरला आणि अंदाजे चार लाख तीन हजार लोकांना जुलाब झाले. धडधाकट लोक आठ-पंधरा दिवसांत बरे झाले. दगावले त्यांच्यात एड्सचे रुग्ण फार होते. संशय आधी आसपासच्या गुराढोरांवर गेला. पुढे जनुकीय तपासणीत तो माणसांतच वाढणारा प्रकार निघाला, म्हणजे गुरं सुटली. न्यूमोसिस्टिसचंही तेच. एड्सच्या रुग्णांना होणारा हा न्यूमोनिया उंदरांसारख्या प्राण्यांकडून येत असावा असा समज बराच काळ होता. मग लक्षात आलं की उंदरातली जात वेगळी आणि माणसातली वेगळी, माणूसच माणसाला तो देतो. प्राण्यावर आळ घेणं सोपं असतं. मिलवॉकीतून एक गोष्ट मात्र कायमची उरली: क्लोरीनला हा परजीवी दाद देत नाही, त्यामुळे अशा रुग्णाने पाणी उकळूनच प्यावं.

बाकीच्यांचा उल्लेख झटपट करतो. छोटी कासवं आणि सरडे यांच्या अंगावर साल्मोनेला जवळजवळ ठरलेलाच. अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद केली ती याचमुळे, आणि आपल्याकडे ती मासळीच्या टाकीशेजारीच विकायला असतात. जत्रेतली रंगीत कोंबडीची पिल्लंही त्याच वर्गातली. सिकलसेलच्या मुलांत साल्मोनेला हाडात जाऊन बसतो, म्हणून त्या घरात ही दोन्ही खेळणी नकोत आणि अंडं पूर्ण उकडलेलं हवं. माशांच्या टाकीत हात घालताना हातमोजे घालावेत. मायकोबॅक्टेरियम मरिनम बोटाच्या चिरेतून शिरून हातावर गाठींची माळ चढवतो. सिरॉसिसच्या रुग्णाला किनारपट्टीवर व्हिब्रिओ व्हल्निफिकसचा धोका असतो. कालवं आपण शिजवून खातो हे बरं, पण मासळी साफ करताना काटा लागला तर दुर्लक्ष नको. मणिपूरमध्ये एचआयव्हीबाधितांत टॅलरोमायसिस नावाची बुरशी आढळते आणि तीच तिथल्या बांबूच्या रानातल्या उंदरांतही सापडते. पण माणसाला ती उंदराकडून होते की दोघांनाही एकाच मातीतून, हे कोडं आहे. २०२२ साली महाराष्ट्रात गुरांत पसरलेला लम्पी हा त्वचारोग माणसाला होत नाही, कुणालाच नाही.

एक रस्ता असा आहे की ज्यात रुग्णाचा प्राण्याशी संबंधच आलेला नसतो. २००५ साली अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात एका दात्याचे अवयव चौघांना बसवले. चौघेही काही आठवड्यांत गंभीर झाले, तिघे दगावले. दात्याच्या घरी नुकतंच आणलेलं हॅमस्टर होतं. त्यातला एलसीएमव्ही नावाचा विषाणू अवयवांबरोबर गेला. दात्याला स्वतःला कसलाही त्रास नव्हता, कारण निरोगी माणसाला हा विषाणू सहसा फार छळत नाही. त्याच वर्षी जर्मनीत एका तरुण स्त्रीच्या मृत्यूनंतर तिचे अवयव आणि डोळ्यांची बुबुळं सहा जणांना दिली. ती काही महिन्यांपूर्वी भारतात येऊन गेली होती आणि तिला रेबीज झाला होता, हे नंतर उघड झालं. फुप्फुस, किडनी, आणि किडनी व स्वादुपिंड मिळालेले तिघे रेबीजने गेले. यकृत मिळालेला रुग्ण वाचला. त्याला पूर्वी कधीतरी रेबीजची लस टोचलेली होती. भारतासारख्या देशात दात्याला कुत्रा चावला होता का, हा प्रश्न त्याच्या नातेवाइकांना विचारल्यावाचून अवयव घेऊ नयेत, हे सांगायला याहून मोठा पुरावा कशाला?

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, त्यापेक्षा जनावर नकोच घरात. हा विचार सॅन फ्रान्सिस्कोत १९८०च्या दशकात एड्सच्या रुग्णांबाबत होऊन गेला आहे. घरच्यांनी टाकलेल्या, मित्र गमावलेल्या त्या माणसांना डॉक्टर प्राणी सोडून द्यायला सांगत होते. तिथे ‘पॉज’ नावाची स्वयंसेवी संस्था उभी राहिली. तिचे कार्यकर्ते रुग्णांच्या कुत्र्यांना फिरवून आणत, मांजराचे ट्रे साफ करत, पशुवैद्याकडे नेत. रुग्णाने कोणती कामं स्वतः करू नयेत याची त्यांनी केलेली साधी पत्रकं पुढच्या अधिकृत सूचनांच्या बरीच आधीची आहेत. प्राणी राहू द्या, घाण दुसऱ्याला काढू द्या, हे त्यांचं धोरण. नंतरच्या अभ्यासांनी त्यात फारशी दुरुस्ती केलेली नाही. अवयव बदलल्यावर पहिले काही महिने नवा प्राणी, विशेषतः पिल्लू आणू नये; प्राण्याला कच्चं मांस घालू नये; त्याला जुलाब लागले तर आधी पशुवैद्य गाठावा. पशुवैद्यालाही घरात असा रुग्ण आहे हे सांगावं, कारण कुत्र्याच्या खोकल्यावर नाकात टाकायची एक लस जिवंत जंतूंची असते. तिचा फवारा उडताना रुग्ण शेजारी नसावा.

१९९९ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातली एक पाहणी प्रसिद्ध झाली होती. माणसांचे डॉक्टर अशा रुग्णांशी प्राण्यांविषयी क्वचितच बोलतात आणि हे काम पशुवैद्यांचं समजतात. पशुवैद्यांपर्यंत रुग्णाच्या आजाराची माहिती पोचत नाही. आणि दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, असं तिच्यात दिसलं. आपल्याकडे चित्र याहून चांगलं असेल असं मानायला मला आधार दिसत नाही. केसपेपरवर तंबाखू, दारू, ॲलर्जी यांचे रकाने असतात. घरी कोणतं जनावर, गोठ्यात काम आहे का, दूध कुठून येतं, खिडकीत कबुतरं आहेत का, पूर्वी कुत्रा चावला होता का, हे पाच प्रश्न त्यात घातले तर दोन मिनिटं जास्त लागतील. प्रत्यारोपण केंद्रांनी आणि कॅन्सरच्या रुग्णालयांनी ‘पाळीव प्राणी नको’ ही ओळ काढून तिथे रुग्णाच्या आजारानुसार नेमक्या सूचना छापाव्यात.

तोवर वाचकाने स्वतःपुरतं एक करावं. आपण किंवा घरातलं कोणी स्टेरॉइड, केमो, प्रत्यारोपणाची किंवा संधिवाताची औषधं घेत असेल, किंवा पाणथरी काढलेली असेल, तर कुत्र्या-मांजराच्या चाव्यानंतर, अगदी ओरखड्यानंतरही, लस घ्यायला जाताना औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी आणि सीरम व अँटिबायोटिक देणार का, हे तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारावं.